हात बसलेला हलवू नका : ऑपरेटिंग सिस्टिम घडवणाऱ्या मराठी अभियंत्यांना खुले पत्र

मित्रांनो आणि मैत्रिणींनो,

स. न. वि. वि.

हे पत्र मराठीत लिहिण्याचं कारण साधं आहे. जगातले बहुतेक संगणक आणि फोन ज्या मोजक्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, म्हणजे विंडोजसारख्या मूळ प्रणालींवर चालतात, त्या घडवणाऱ्यांत मराठी घरांतली मुलंमुली आहेत. माझ्याच वर्गात टायपिंग शिकून गेलेले दोघे आज त्या कामात आहेत. कंपनीच्या पत्त्यावर इंग्रजीत तक्रार धाडण्यापेक्षा तुमच्याशी घरच्या भाषेत बोलावं असं वाटलं.

मी टंकलेखन शिकवते. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडमागच्या गाळ्यात वडिलांनी सुरू केलेली संस्था १९९१ पासून मी चालवते. सुरुवातीला आमच्याकडे रेमिंग्टन आणि गोदरेजची यंत्रं होती. आता त्याच लाकडी टेबलांवर संगणक आहेत, आणि परीक्षा परिषदेची मराठी, मिनिटाला ३० आणि ४० शब्दांची परीक्षाही संगणकावरच होते. मी प्रोग्राम लिहीत नाही. पण माणूस यंत्रासमोर पहिल्यांदा बसतो तेव्हापासून त्याचा हात बसेपर्यंत काय काय घडतं, हे मी चौतीस वर्षं रोज जवळून पाहिलं आहे. तुमच्यापैकी फार थोड्यांना हे इतक्या वेळा पाहायला मिळालं असेल, म्हणून हे धाडस.

‘हात बसला’ हा आमच्या धंद्यातला शब्द. पहिला महिना मुलगी ‘क’ शोधते. दुसऱ्या महिन्यात ‘क’ कुठे आहे ते तिला आठवतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कधीतरी तिला विचारावं, ‘क’ कुठे आहे गं? तर तिला सांगता येत नाही, बोट हलवून पाहावं लागतं. तेव्हा समजावं, हात बसला. ती गोष्ट डोक्यातून उतरून बोटांत गेली. आता तिचं डोकं मोकळं झालं, मजकुराचा विचार करायला.

ऑपरेटिंग सिस्टिमचंही नेमकं हेच असतं. फाइल कुठे ठेवली, छापायचं कुठून, बंद कसं करायचं, हे सगळं हळूहळू अंगवळणी पडतं आणि मग दिसेनासं होतं. उत्तम ऑपरेटिंग सिस्टिम मी तिला म्हणते जी दिवसभर वापरून एकदाही आठवली नाही. ॲपलच्या मॅकिन्टॉश संगणकाचा प्रकल्प १९७९ मध्ये सुरू करणारे जेफ रास्किन यांनी पुढे मांडलं होतं की, ज्याला आपण ‘सहज समजणारं’ म्हणतो ते बहुतेक वेळा फक्त ओळखीचं असतं. माझ्या वर्गातला अनुभव याला दुजोरा देतो. माउस कोणालाच जन्मतः कळत नाही. पहिल्या दिवशी लोक तो टेबलावरून उचलून हवेत धरतात. तो सोपा वाटतो तो महिनाभरानंतर.

माझं म्हणणं एवढंच आहे : हात बसलेली जागा हलवून जे ‘नवं’ म्हणून दिलं जातं, त्याची किंमत तुमच्या हिशेबात कुठेच धरलेली नसते. ती किंमत वापरणारा भरतो. ज्याच्याकडे वेळ, इंग्रजी आणि धीर सगळ्यात कमी, तो सगळ्यात जास्त भरतो.

माझ्याकडे शिकलेल्या एक बाई कोर्टाच्या आवारात छत्रीखाली बसून अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करून देतात. वय साठीच्या आसपास. त्यांच्याकडे दोनशे पानी वही आहे. पहिल्या पानावर, ‘सुरू कसे करावे’. पुढे, ‘पेन ड्राइव्हमधून फाइल कशी घ्यावी : उजवं बटण दाबावे, यादीत कॉपी शब्द शोधावा.’ प्रत्येक पायरी त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली आहे, बाजूला छोटी चित्रं काढली आहेत. या वहीवर त्यांनी सहा-सात वर्षं घर चालवलं. एका सकाळी रात्रीतून कसलंसं अपडेट झालं आणि यादीतला तो शब्द जाऊन तिथे बारीकसं चित्र आलं. बटणं सरकली, रंग फिके झाले. बाई वही घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘मॅडम, माझी वही खोटी झाली.’ तेव्हा कोर्टाबाहेर दोन पक्षकार त्यांची वाट पाहत होते. त्यांना वाटलं, आपल्याच हातून काहीतरी बिघडलं. हे मला सर्वांत जास्त लागतं. तुम्ही जागा बदलता आणि माणूस स्वतःला दोष देतो. आम्ही दोघींनी बसून वहीची अकरा पानं पुन्हा लिहिली.

हे कुठल्या एका कंपनीचं पाप आहे असं मी म्हणत नाही. इतिहास काढला तर सगळेच त्यात आहेत. १९९५ पासून डाव्या कोपऱ्यात असलेलं स्टार्टचं बटण २०१२ च्या विंडोज ८ मध्ये काढलं गेलं आणि पडदाभर रंगीत फरशा आल्या, कारण टॅब्लेटची लाट होती. टेबलावरच्या संगणकाच्या पडद्याला बोट लावत नाहीत हे कोणाला ठाऊक नव्हतं का? वर्षभरात ८.१ बरोबर बटण परत आलं, आणि मेनू पुरता परतायला २०१५ उजाडलं. ॲपलने २०११ मध्ये मॅकवर स्क्रोल करण्याची दिशाच उलटी केली आणि पानाच्या कडेची सरकपट्टी दडवली. म्हणजे खाली अजून मजकूर आहे की नाही हे कळण्याची खूणच गेली. आयफोनच्या आयओएस ७ मध्ये, २०१३ साली, बटणांच्या कडा काढल्या. नुसती अक्षरं उरली. पुढच्या मार्चमध्ये ७.१ आलं आणि बटणांचे आकार पुन्हा दाखवण्याची सोय सेटिंगमध्ये द्यावी लागली. ज्याला बटण दिसत नाही त्याने ती सोय सेटिंगमध्ये शोधायची!

आणि ज्या मुक्त सॉफ्टवेअरवर माझं प्रेम आहे तिथेही वेगळं घडलं नाही. लिनक्स या मुक्त प्रणालीचा पडदा मांडणारं ग्नोम ३ एप्रिल २०११ मध्ये आलं तेव्हा खिडकी लहान करण्याचं बटणच काढून टाकलं होतं. लिनक्सचा जनक लिनस टॉरव्हाल्ड्ससारखा माणूस उघड चिडला. काही लोकांनी जुनं ग्नोम २ ‘माते’ या नावाने पुढे चालवलं आणि ते आजही चालू आहे. जुन्या सवयीसाठी माणसं फुकट, रात्री जागून, वर्षानुवर्षं काम करतात. सवय ही किती मोठी ठेव असते याचा याहून वेगळा पुरावा मला माहीत नाही.

तुम्ही म्हणाल, मॅडम, असं म्हणत बसलो असतो तर अजून आज्ञा टाइप करत बसलो असतो. लोक प्रत्येक बदलाला आधी नाही म्हणतात आणि मग सरावतात. हा युक्तिवाद मला मान्य आहे, कारण मी स्वतः अशा एका बदलाच्या विरोधात होते.

रेमिंग्टनवर आम्ही ‘कि’ लिहायचो ते आधी वेलांटी आणि मग ‘क’. यंत्राचा गाडा डावीकडे सरकतो, वेलांटी अक्षराच्या आधी उमटते, म्हणून बोटांनीही तोच क्रम धरायचा. निम्मी अक्षरं अर्धी टाइप करून वरून काना द्यायचा. हे सगळं माझ्या हातात बसलेलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. इन्स्क्रिप्ट शिकवायची वेळ आली तेव्हा मी चार महिने कुरकुर केली. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये मान्य केलेला हा कळफलक मला कोणीतरी दिल्लीत बसून आखलेला वाटायचा. पण शिकवायला लागले आणि त्याची आखणी उलगडली. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळीवर, शिफ्ट दाबलं की महाप्राण. ‘त’ आणि ‘थ’ तसेच. मधल्या ओळीवर डाव्या हाताला ‘ो’, ‘े’, हलन्त, ‘ि’, ‘ु’. शिफ्ट दाबलं की तेच स्वर सुटे. बाराखडी ज्याला येते त्याला अर्धा कळफलक आधीच येतो. आणि ‘कि’ लिहायचं ते जसं बोलतो तसं, आधी ‘क’, मग वेलांटी. वेलांटी डावीकडे नेऊन दाखवण्याचं काम यंत्राचं. वर ही एकच मांडणी कन्नड, गुजराती, बंगालीलाही चालते. सोलापूर भागात कन्नड बोलणारी घरं पुष्कळ आहेत; अशा घरातली मुलगी माझ्याकडे मराठी शिकून कन्नड टायपिंग आपलं आपण करू लागली, तेव्हा माझा विरोध संपला.

म्हणजे बदल नको असं मी म्हणतच नाही. हात मोडून पुन्हा बसवायचा असेल तर बदल्यात तेवढं मोठं काहीतरी मिळालं पाहिजे. इन्स्क्रिप्टने ते दिलं. कॉपी शब्दाऐवजी बारीक चित्र, याने काय दिलं?

खरं मोठं नवं काम माझ्या पाहण्यात नेहमी पडद्याच्या आत झालं. त्याची गाणी कोणी गायली नाहीत, म्हणून मी इथे थोडी थांबते.

आमच्याकडे भारनियमनाची वर्षं आठवतात. दिवसाला कित्येक तास वीज नसायची, आणि जायची तीही न सांगता. घरगुती संगणकांच्या जुन्या प्रणाली असताना वीज आली की आधी पडदाभर डिस्कची तपासणी चालायची. मुलं समोर हात बांधून बसायची, कधी फाइल सापडायची, कधी तुकडे. मग अशा प्रणाली आल्या ज्या डिस्कवर काही बदलण्याआधी ‘मी आता हे करणार आहे’ अशी नोंद लिहून ठेवतात आणि वीज गेली तर त्या नोंदवहीवरून सावरतात. विंडोजची फाइली साठवण्याची एनटीएफएस ही पद्धत १९९३ पासून हे करत होती, पण ती साध्या घरांत पोहोचली २००१ च्या विंडोज एक्सपीबरोबर. लिनक्समध्ये त्याच सुमारास ईएक्सटी ३ ही तशीच पद्धत आली. वीज तशीच जायची, पण सकाळी फाइल जागेवर असायची. पडद्यावर एक बटणही हललं नव्हतं. माझ्या गाळ्यात मी पाहिलेलं हे सर्वांत उपकारक नवेपण. ते आणणारा माणूस भेटला असता तर मी त्याला जेवायला बोलावलं असतं.

तसंच एक प्रोग्राम अडकला की सगळा संगणक गोठायचा, ते थांबलं. तसंच युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत. त्याआधी आमच्याकडे प्रत्येक डीटीपीवाल्याचा फॉन्ट वेगळा. श्रीलिपीत केलेली लग्नपत्रिका फ्लॉपीवरून दुसरीकडे नेली आणि तिथे तो फॉन्ट नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा खच. विंडोज २००० मध्ये देवनागरीची जोडाक्षरं प्रणालीच जुळवू लागली आणि सोबत ‘मंगल’ हा फॉन्ट आला, सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी घडवलेला. एका मराठी माणसाचा हात त्या दिवसापासून जगभरच्या संगणकांत गेला. तुमच्यापैकी अनेकांना ते माहीत नसेल म्हणून सांगते.

बेल लॅब्समधले संशोधक रॉब पाइक यांनी २००० साली खंत मांडली होती की प्रणालींमधलं संशोधन आता कोणाच्या खिजगणतीत उरलेलं नाही. प्राध्यापक टॅननबॉम आणि टॉरव्हाल्ड्स यांचा १९९२ चा वाद तर तुम्ही सर्वांनी कॉलेजात वाचला असेल, कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, एकसंध असावं की छोट्या तुकड्यांचं यावरचा. मला त्यातलं तंत्र कळत नाही. पण असे वाद मला आवडतात, कारण ते पोटातल्या बदलाबद्दल असतात. तुम्ही कर्नल उलटंपालटं करा, माझ्या विद्यार्थिनीचं बोट कंट्रोल आणि सीवर जसं होतं तसंच जाईल. कॉपी, कट, पेस्टच्या सी, एक्स, व्ही या कळा १९८४ च्या मॅकिन्टॉशपासून आहेत तिथेच आहेत. कळफलक मराठी असो की इंग्रजी, बोटं न बघता तिथे पोहोचतात. चाळीस वर्षं कोणी त्या हलवल्या नाहीत आणि त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही.

आता जे राहून गेलंय त्याबद्दल. नवं करायचंच असेल तर इथे करा.

‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. पडद्यावर एकच दिसतो, पण यंत्रात तो दोन तऱ्हांनी साठतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग ‘य’. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, न दिसणारा जोडणारा संकेत, मग ‘य’. कोण कुठल्या कळफलकावर शिकलं त्यावर ते अवलंबून. डोळ्याला फरक दिसत नाही, आणि शोध घेताना बहुतेक ठिकाणी एकाला दुसरा सापडत नाही. ‘ॲ’चीही तीच गोष्ट. त्याला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधीचे आम्ही ‘अ’वर चंद्र देऊन ‘अॅ’ लिहायचो आणि अजून निम्मे लोक तसंच लिहितात. माझा एक विद्यार्थी पतसंस्थेत लागला. ‘ॲडव्हान्स’च्या फाइली शोध म्हणून सांगितलं तर त्याला निम्म्याच मिळाल्या. उरलेल्या त्याच फोल्डरमध्ये होत्या. साहेबांचं बोलणं त्याने खाल्लं. मला त्याने दोन्ही फाइलींची नावं पाठवली. मी चष्मा लावून पाहिली, तरी फरक दिसेना.

हे दुरुस्त करायला पडद्यावरची एकही वस्तू हलवावी लागत नाही. प्रणालीने शोध घेताना ही जुळी रूपं एकच मानावीत, बस. इंग्रजीत मोठं ‘ए’ आणि लहान ‘ए’ शोधताना सारखं धरायचं हे तुम्हाला कोणी सांगावं लागलं नाही. हे सांगावं लागतंय, कारण जिथे हे ठरतं त्या खोलीत मराठीत फाइलींना नावं देणारं कोणी नसतं. तुम्ही असता, पण तुम्हीही फाइलींना इंग्रजीत नावं देता. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. एक महिना सगळ्या फाइलींना मराठी नावं देऊन पाहा, एवढंच मागते.

अजून एक. विंडोज १० चा आधार, म्हणजे कंपनीकडून नेहमीच्या दुरुस्त्या मिळणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचे सर्वसाधारणपणे आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर चालत नाहीत. सुरक्षेचं कारण मी समजू शकते. पण तालुक्याच्या गावात संगणक बंद पडेपर्यंत वापरतात. शाळेत, ग्रामपंचायतीत, झेरॉक्सच्या दुकानात. चालत्या यंत्राला ‘तू आता जुना झालास’ म्हणणं इथे फार महाग पडतं. मी माझ्या जुन्या यंत्रांवर लिनक्स टाकलं. भीती होती, पण इन्स्क्रिप्ट त्यात आधीपासून आहे, कळा त्याच, म्हणून मुलींचा टायपिंगचा वेग एका दिवसात पूर्वीएवढा झाला. बाकीच्या गोष्टी शोधायला दोन आठवडे गेले. केरळने आपल्या शाळांत मल्याळममधली स्वतःची लिनक्स वर्षानुवर्षं चालवून दाखवली आहे. आपल्याकडे तसं का नाही हे मी शिक्षण खात्याला वेगळं लिहीन, तो तुमचा विषय नाही. तुमचा विषय असा की जुन्या यंत्रावर हळू का होईना पण नीट चालणं, हेही कोणीतरी आपलं काम मानायला हवं.

आणि जिथे बदल टळत नाही तिथे जुनी वाट काही वर्षं उघडी ठेवा. ती पहिल्या पडद्यावर दिसू द्या, ‘पूर्वीसारखं हवं’ अशा साध्या शब्दांत. सेटिंग आणि कंट्रोल पॅनेल अशी दोन घरं २०१२ पासून विंडोजमध्ये शेजारी शेजारी आहेत आणि कुठली वस्तू कुठल्या घरात हे मलाही दर वेळी शोधावं लागतं. जुनं अर्धं ठेवणं आणि नवं अर्धं आणणं, यात दोन्हीकडच्यांचा हात बसत नाही.

शेवटी एक बोलावणं. माझा पहिला वर्ग सकाळी सातला भरतो, शेवटचा रात्री आठला सुटतो. पुण्याहून एसटीने पाच-सहा तास लागतात. तुमच्यापैकी कोणी सुट्टीत घरी आलात तर एक दिवस या. मी तुम्हाला मागच्या बाकावर बसवीन. एकच अट, कोणालाही मदत करायची नाही, नुसतं पाहायचं. तुमची नवी आवृत्ती सोबत आणलीत तर तीही एका संगणकावर लावू, आणि कोर्टाजवळच्या त्या बाईंना निरोप देऊ. त्या वही घेऊन येतील. त्यांचं बोट कुठे थांबतं ते तुम्ही लिहून घ्या. चहा माझ्याकडून.

आपली,
एक टंकलेखन शिक्षिका